जोडीचा तांब्या

काट्यावर बासष्ट पूर्णांक तीन आलं आणि खोचरीच्या तालमीत एकच गिल्ला झाला. वंदनाअक्का वस्तादांनी हौद्यातली चिमूटभर लाल माती ओवीच्या कपाळाला लावली, धाकट्या पोरींनी पत्र्याच्या भिंतीवर ढोल बडवावा तसे हात बडवले, आणि ओवीची आई साखरेचा अख्खा डबाच घेऊन धावत आली. दहा आठवड्यांपूर्वी याच काट्यावर ओवी चौगुले सत्तावन्न पूर्णांक चार भरली होती. म्हणजे जवळजवळ पाच किलोंची भर! सगळ्यांनी ओवीच्या दंडावर चिकटवलेल्या टिकलीकडे, त्या इवल्याशा यंत्राकडे, कौतुकानं बघितलं.

अल्फिया जमादार तेवढी गप्प होती. अल्फिया ही ओवीची तालमीतली जोडीदार, दोघी आठ वर्षांच्या असल्यापासूनची. म्हणजे अकरा वर्षं दोघी रोज एकमेकींना मातीत लोळवत आल्या होत्या. तिनं ओवीच्या दंडाला चिमटा काढला, मग कमरेला काढला आणि कानाशी लागून म्हणाली, "ओवे, कमरेचं जास्त हातात यायलंय गं."

"गप बस. नजर लावू नको," ओवी म्हणाली. पण चिमटा तिला लागला होता.

त्या सकाळी दोघींची लढत लागली तेव्हा ओवीनं ढाक हा तिचा हुकमी डाव मारायला कंबर घातली आणि अर्ध्यातच तिचा दम तुटला. गंमत म्हणजे एरवी अशा वेळी तिच्या मानगुटीवर बसणारी अल्फियाही गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. अक्का कट्ट्यावरून ओरडल्या, "आगं म्हाताऱ्या हायसा का दोघी? खाताय का न्हाई काय?"

खाण्याचा तर सगळा खेळ होता.

राज्याच्या संघात एका वजनगटात एकच मुलगी जाते, आणि ओवी-अल्फिया दोघी सत्तावन्नच्या. गेल्या वर्षी निवड चाचणीच्या शेवटच्या फेरीत दोघी समोरासमोर आल्या. ओवी एका गुणानं जिंकली. सांगलीहून खोचरीला येईपर्यंत दोघी गाडीत शेजारी बसल्या होत्या आणि एकीनं दुसरीशी शब्द काढला नाही. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी ओवी जमादारांच्या दारात जाऊन उभी राहिली. "तुझ्यासंगं परत खरी कुस्ती खेळायची न्हाई मला. मी वर जातो, बासष्टला. सत्तावन्न तुझं," ती म्हणाली. (खोचरीच्या मुली येतो-जातो असंच बोलतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.) अल्फिया रडली, मग भांडली, मग तिनं ओवीला घरात ओढून खिमा वाढला.

बासष्टला जातो म्हणणं सोपं. बासष्टच्या मुली हाडापेरानं मोठ्या. त्यांच्यापुढे टिकायचं तर निवड चाचणीच्या आत चार किलो तरी नवा स्नायू अंगावर चढायला हवा होता, आणि बघता बघता वर्ष सरत येऊन हातात आठवडे उरले होते सोळा. नाही जमलं तर परत सत्तावन्न आणि परत अल्फिया. अशा वेळी पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून डॉक्टर निशिगंधा कांबळे टिकली घेऊन आल्या.

पैलवानाचं वजन वाढवायचं तर दूध, तूप, बदाम आणि मटण, हा आपल्याकडचा जुना कायदा. त्यानं वजन वाढतं यात शंका नाही. काय वाढतं, हा खरा प्रश्न. कसून मेहनत झाली की पुढचे काही तास स्नायू भुकेला असतो. तेव्हा पंचवीस-तीस ग्रॅम प्रथिनं मिळाली तर तो ती उचलतो आणि आपली वीण वाढवतो. त्याहून फार ओतलं तर तो तोंड फिरवतो, आणि गरजेपेक्षा जादा खाणं चरबी होऊन कमरेला बसतं. बरं, चरबीच्या धाकानं कमी खावं, तर शरीर स्वतःचाच स्नायू मोडून चुलीत घालतं. जास्त खाल्लं तरी फसलात, कमी खाल्लं तरी फसलात. मधली पायवाट अरुंद. ती प्रत्येकाची वेगळी आणि रोजची वेगळी.

टिकली ही पायवाट दाखवायची. दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची एवढीशी चकती. तिच्या पोटाला केसाहून बारीक सुया, कातडीखालचा ओलावा चाखणाऱ्या. सोबत रोज एक कुपी जड पाणी. हायड्रोजनला एक वजनदार भाऊ असतो, त्याच्यापासून हे पाणी बनतं. दिसायला साध्या पाण्यासारखं, चवीलाही जवळपास तसंच, आणि एवढ्याशानं अपाय काही नाही. शरीर नवा स्नायू बांधतं तेव्हा हा वजनदार भाऊ त्यात चिणला जातो. वीटभट्टीवाला आपल्या विटेवर छाप उठवतो ना, तसंच. जुन्या विटा कोऱ्या, नव्या विटा छापाच्या. नव्या चरबीवरही असाच छाप पडतो, पण वेगळ्या रेणूंवर. दोन्हींची झीज सतत चालू असते. त्या चुऱ्यातले छाप मोजून टिकली सांगायची, कालच्या खाण्यातलं किती बाहूंत गेलं आणि किती कमरेत.

"एकच लक्षात ठेव," डॉक्टर ओवीला म्हणाल्या होत्या. "रोज एक कुपी पोटात गेली पाहिजे. ही पहिल्या खेपेची टिकली आहे. अंगात किती जड पाणी आहे ते तिला स्वतःहून कळत नाही. मी तिला दहा मिलिलिटर सांगितलंय, ती तेवढं धरून चालणार. मेहनत झाली की लगेच घे, कशातही घालून घे."

कशातही म्हटल्यावर ओवीनं ती थंडाईत घातली.

खोचरीच्या तालमीत सकाळची मेहनत संपली की अक्का थंडाई देतात. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी आणि म्हशीचं दूध. पेला कुणालाच मिळत नाही. दोघींच्या जोडीला एक पितळी तांब्या, आणि पहिला घोट जोडीदाराचा. जोडीदाराला चोरून खाल्लेलं अंगी लागत नाही आणि जोडीदाराचे घोट मोजायचे नसतात, हे अक्कांना त्यांच्या वस्तादांनी शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या वस्तादांनी. तेव्हा एकटीनं कोपऱ्यात जाऊन कुपी घशात ओतणं ओवीला जमलं नाही. तिनं ती सगळ्यांदेखत तांब्यात रिकामी केली आणि तांब्या अल्फियाच्या हातात दिला.

"काय घातलंस?"

"पाणीच हाय. जड असतंय म्हणे."

"मग मी बी जड व्हणार की!" अल्फिया म्हणाली आणि दोघी ठसका लागेपर्यंत हसल्या. संध्याकाळी फोननं विचारलं, आजची कुपी घेतली का? ओवीनं हो म्हटलं. त्यात खोटं काय होतं?

टिकलीला आवाजही होता. कानातल्या मण्यातून तो शांतपणे सांगायचा, "ओवी, चाळीस मिनिटांच्या आत सत्तावीस ग्रॅम प्रथिनं." स्वयंपाकघरातल्या फोनवरही तोच आवाज. ओवीची आई दोन दिवसांत वैतागली. "उठल्यापास्नं निजंपर्यंत बोलतीया. हिच्यापरीस सासू परवडली," ती म्हणाली, आणि तेव्हापासून घरात टिकलीचं नाव सासूबाई पडलं.

तिसऱ्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "स्नायूबांधणी अपेक्षेच्या निम्मी. खुराक वाढवा." दोन अंड्यांची चार झाली. पाचव्या आठवड्यात पुन्हा तेच; मटकी वाढली, शेंगदाण्याचा कूट वाढला, थंडाईत दुधाची भुकटी पडू लागली. सातव्या आठवड्यात पुन्हा तेच. ओवीला आता भूक लागतच नव्हती, वेळ व्हायची. बेंदराच्या सणाला आईनं पुरणपोळी केली, तुपाची वाटी शेजारी ठेवली, आणि सासूबाई म्हणाल्या, "आत्ता नको. सत्तर मिनिटांनी, अर्धी." ओवीनं ताट सारलं. सत्तर मिनिटांनी ती परत आली तेव्हा आईनं पोळी बैलाला चारली होती. आई पाठमोरी बसून तवा घासत होती, आणि ओवीला ते ओरडण्याहून जास्त झोंबलं.

या दिवसांत अल्फियाची गालफडं बसत चालली होती. "तोंड का उतरलंय गं?" ओवीनं एकदोनदा विचारलं. "उन्हानं," अल्फिया म्हणायची. पावसाळ्याचे दिवस होते, पण ओवीच्या कानात तेव्हा दुसराच आवाज चालू असायचा.

साखर वाटल्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टर कांबळे न कळवता आल्या. त्यांनी ओवीला बाकावर झोपवलं आणि तळहातात मावणारं सोनोग्राफीचं यंत्र मांडीवरून, दंडावरून, पोटावरून फिरवलं. मग परत फिरवलं.

"अक्का, साखर वाटली म्हणे काल?"

"वाटली की. पाच किलो वाढली पोरगी."

"त्यातला स्नायू दीड किलो आहे. बाकी चरबी, आणि थोडं पाणी."

अक्का पुढे सरसावल्या. "म्हंजी आम्ही साखर वाटली ती कमरंला?"

कुणी हसलं नाही. ओवी उठून बसली. सहा आठवडे उरले होते. तिनं अल्फियाकडे बघायचं टाळलं आणि अल्फियानं तिच्याकडे. वर्षापूर्वीची ती गाडी दोघींना आठवली असणार.

"मला काळजी वेगळीच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "टिकली म्हणते स्नायू निम्मा बनतोय आणि चरबीही निम्मीच. काटा म्हणतो पाच किलो. दोन्ही खरं कसं असेल? टिकली बिघडली असणार." त्यांनी पेटीतून नवीकोरी टिकली काढली. "ही तुलनेला हवी. अल्फिया, उद्यापर्यंत दंडावर ठेवशील? तुला कधीच जड पाणी दिलेलं नाही. म्हणजे तुझ्या अंगात छाप शून्य यायला हवेत. शून्य आले तर टिकल्यांची ही खेप ठीक आहे म्हणायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहनत आटोपली आणि डॉक्टरांनी अल्फियाच्या दंडाशी फोन नेला. त्यांनी आकडा वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. डॉक्टर मूळच्या इचलकरंजीच्या, पण पंधरा वर्षं पुण्यात राहून भाषा अगदी इस्त्रीची झाली होती. ती इस्त्री त्या क्षणी मोडली.

"आयला! मी काय बघालोय ह्ये?"

"काय झालं?" अक्का धावल्या.

"हिच्या स्नायूवर छाप आहेत! हजारो! हिला कुणी दिलं जड पाणी? विहिरीत काही आहे का? चाऱ्यात? दुधात?" डॉक्टर हौद्याभोवती फेऱ्या मारू लागल्या. "दुधात असेल तर साऱ्या गावात असेल. अक्का, म्हैस कुठाय? मला म्हशीला टिकली लावायचीय!"

धाकट्या पोरी म्हैस आणायला पळाल्याही. तेवढ्यात नेहमीच्या वेळेला नेहमीसारखा थंडाईचा तांब्या पुढ्यात आला. ओवीनं सवयीनं कुपीचं बूच काढलं, कुपी तांब्यात ओतली, तांब्या अल्फियाकडे केला, आणि तिचा हात हवेत तसाच राहिला. तिनं डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर तांब्याकडे बघत होत्या.

"रोज?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज," ओवी म्हणाली. "पहिला घोट जोडीदाराचा असतोय."

डॉक्टर हौद्याच्या कट्ट्यावर मटकन बसल्या. आधी त्यांनी कपाळाला हात लावला, मग त्यांना हसू फुटलं, आणि ते थांबेना. "देशभरात दोनशे खेळाडू आहेत गं माझ्याकडं. आम्ही सगळं धरलं होतं. कुणी कुपी विसरेल, कुणी मोरीत ओतेल, कुणी खोटं सांगेल. वाटून पिईल, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही."

मग त्यांनी बोटानं मातीत रेघा ओढून सगळ्यांना समजावलं. अर्धं जड पाणी अल्फियाच्या पोटात, म्हणून ओवीच्या नव्या विटांवर छाप अर्धे. टिकलीला वाटलं विटाच अर्ध्या पडतायत, म्हणून ती खुराक वाढवत गेली. त्यातच मेहनतीनंतर स्नायू खरा भुकेला असायचा तेव्हा थंडाई अर्धीच मिळायची, आणि घरी भूक नसताना दुप्पट खायला लागायचं. ते सगळं कमरेला बसलं.

ओवीला हायसं वाटलं. म्हणजे तिचं अंग बरोबर होतं, यंत्रही बरोबर होतं! आता फक्त आकडा सुधारायचा. ती काही बोलणार, एवढ्यात डॉक्टरांचा चेहरा बदललेला तिला दिसला. त्या अल्फियाच्या आलेखाकडे बघत होत्या.

"हे काय? रात्री हिचं शरीर स्वतःचाच स्नायू मोडतंय. पहाटेपर्यंत. अल्फिया, काल रात्री काय जेवलीस?"

अल्फिया पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"परवा?"

"रात्रीचं जेवत न्हाई मी," अल्फिया म्हणाली. "महिना झाला. थंडाई जड व्हायला लागली तसं माझं वजन वाढाय लागलं. मला सत्तावन्नच्या आत ऱ्हायचं हाय. तांब्याला न्हाई कसं म्हणायचं? मग रात्रीची भाकरी सोडली."

"आगं, मला सांगायचं न्हाईस?" ओवी किंचाळलीच.

"काय सांगू? तुझी खुराक कमी कर म्हणू? तू माझ्यापायी वर चाललीस, ओवे."

ओवीला रडू फुटलं. दहा आठवडे ती प्रथिनाचा ग्रॅमन् ग्रॅम मोजत होती, आणि जिच्यासाठी हा खटाटोप, ती समोर रोज उपाशी झोपत होती. उन्हानं म्हणे! तिला स्वतःचाच इतका राग आला की तिनं कानातला मणी उपटून मातीत फेकला.

डॉक्टरांनी मणी उचलून पुसला. मग त्या पुण्याच्या भाषेवर परत आल्या. "हे बघा. नियमाप्रमाणे एका तालमीत एकच खेळाडू. उद्यापासून ओवीचा तांब्या वेगळा. तिची खुराक तिनं एकटीनं घ्यायची. तेवढं झालं तर सहा आठवड्यांत बरंच भरून काढता येईल. नाही झालं तर मला टिकली काढून न्यावी लागेल."

"मग न्या," ओवी म्हणाली.

"ओवे!" अल्फियानं तिचा हात धरला. "येडी हायस का? सहा आठवडंच तर हायत. मी वेगळं पितो."

"न्हाई. दोघींना लावा, न्हाईतर माझी काढा." ओवीनं दंड पुढे केला. टिकली गेली तर बासष्टही गेलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. "तुमचं यंत्र लई भारी हाय, मॅडम. पण मी ढाक कुणावर मारतो रोज? हिच्यावर. ही दुबळी झाली तर माझ्या अंगाला जोर कुठनं लागायचा?"

डॉक्टरांनी फोन उघडला, मागचे दहा आठवडे उलगडले. छाप निम्मे धरले तरी सातव्या आठवड्यापासून ओवीची स्नायूबांधणी आणखी घसरत गेली होती, आणि खाण्यात त्याचं कारण सापडत नव्हतं. अल्फियानं जेवण सोडलं त्याच सुमाराचं ते होतं. स्नायूला नुसतं अन्न देऊन भागत नाही. त्याला ताण लागतो, समोरून तेवढ्याच ताकदीनं कुणीतरी ओढावं लागतं. ते ओढणारं माणूसच खंगत चाललं होतं.

"नियम मीच केलाय," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "मीच मोडतो. अहवालात लिहीन, यंत्राला जोडी ठाऊक नव्हती." मग त्यांनी तांब्याकडे बोट दाखवलं. "पण याला आतून रेघ मारूया, अक्का. एकीनं रेघेपर्यंत प्यायचं..."

"ते न्हाई जमायचं," अक्का म्हणाल्या. एवढ्या वेळात त्या पहिल्यांदाच ठामपणे बोलल्या. "जोडीदाराचं घोट मोजत न्हाईत. तुमचं यंत्र तुम्ही सुधरा."

आणि डॉक्टरांनी ते सुधारलं! दोनच दिवसांत पुण्याहून कागदी पट्ट्यांचं पाकीट आलं. रोज सकाळी दोघींनी एकेक पट्टी चाटायची. लाळेत जड पाणी किती उतरलंय ते पट्टी सांगणार आणि टिकली तेवढंच धरणार. तांब्यात कुप्या दोन पडू लागल्या. कुणी किती घोट घेतले हे बघायची गरजच उरली नाही.

पुढचे सहा आठवडे खोचरीत जे चाललं ते बघायला शेजारच्या गावांतून पैलवान यायचे. ओवीची घरची खुराक निम्म्यावर आली आणि ती परत भुकेजून घरी येऊ लागली. अल्फियाच्या ताटात रात्रीची भाकरी आली, वर पिठलं आणि दही. सकाळच्या थंडाईतली भुकटी गेली. पंधरा दिवसांत अल्फियाच्या बोटांत जुनी पकड आली, आणि तिनं ओवीला अशी धरायला सुरुवात केली की ओवीला सुटण्यासाठी अंगातला कणन् कण पणाला लावावा लागे. त्या दिवशीचे छाप दोघींच्या टिकल्यांवर नुसते फुलायचे! काटा मात्र खाली चालला होता. एकसष्ट आठशे. एकसष्ट. साठ पाचशे. धाकट्या पोरी काळजीत पडल्या.

"उतरू द्या," डॉक्टर फोनवर म्हणायच्या. "बासष्टच्या गटात बासष्ट भरावंच लागतं असं नाही. जाताना हाड आणि स्नायू घेऊन जा, कंबर खोचरीतच ठेव."

आणि ओवीनं सासूबाईंना एक अट घातली. आठवड्यातून एक जेवण आईच्या हातचं, आईच्या वेळेला, आणि तेव्हा त्यांनी तोंड उघडायचं नाही. पहिल्या अशा जेवणाला आईनं अवेळी पुरणपोळी केली. ओवीनं दोन खाल्ल्या. आई पदरानं डोळे पुसत तिसरी वाढायला लागली तेव्हा ओवीच म्हणाली, "बास आई, भरलं पोट." पोट भरल्याचं तिला कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा कळलं होतं.

निवड चाचणीच्या सकाळी सांगलीच्या क्रीडासंकुलात अल्फिया छप्पन्न आठशे भरली आणि ओवी साठ दोनशे. बासष्टच्या रांगेतल्या मुलींनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. गार्गी भोईटे, तीन वर्षांची विजेती, ओवीकडे वरून खाली बघून गोड हसली. मॅटवर टिकलीला परवानगी नव्हती. दोघींनी त्या काढून अक्कांच्या बटव्यात ठेवल्या. आता कानात कुणी सांगणार नव्हतं. दोघी एका डब्यातून केळं आणि दहीभात खात होत्या, भूक लागेल तसं.

दुपारी अल्फियानं सत्तावन्नची शेवटची कुस्ती मारली. पट काढून, पाच मिनिटांच्या आत! अक्कांनी शिट्टी मारली, आणि अल्फिया घाम न पुसता मॅटशेजारी येऊन बसली, कारण पुढची कुस्ती ओवीची होती.

गार्गी ताकदीनं खरोखरच मोठी होती. पहिल्या फेरीत तिनं ओवीला दोनदा रेघेबाहेर ढकललं, एकदा खाली घेतलं. चार विरुद्ध शून्य. दुसऱ्या फेरीत ओवीनं दोन गुण काढले, पण घड्याळ पळत होतं. शेवटचं मिनिट उरलं आणि गार्गीनं तिचा दंड पकडून मान दाबली, वेळ काढायला.

ओवीनं सवयीनं हिसका दिला आणि चकित झाली. हात सुटत होता! ही पकड घट्ट होती, नाही असं नाही; पण अल्फियाची याहून घट्ट होती. गेले चार आठवडे रोज सकाळी ती यापेक्षा चिवट बोटांतून सुटत आली होती. आणि तिला कळलं की आपला दम अजून शिल्लक आहे.

"ओवे! कंबर घाल!" मॅटच्या कडेवरून अल्फियाचा आवाज फाटला.

ओवीनं कंबर घातली. सहा आठवड्यांपूर्वीची जड कंबर असती तर अर्ध्यात अडकली असती. ही आत सरकली, गार्गीचा हात मानेवरून ओढला गेला, पाय मॅटवरून सुटले, आणि ढाक अशी बसली की साऱ्या संकुलाला तो आवाज ऐकू आला. ओवी गार्गीच्या छातीवर पडून राहिली. पंचांनी मॅटवर हात आपटला. चितपट!

पुढचं तिला धड आठवत नाही. अल्फिया मॅटवर धावत आली म्हणून पंच ओरडले, अक्का रडत होत्या, आणि आई प्रेक्षकांत अनोळखी माणसांना साखर वाटत होती. परतीच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या आणि सांगली सुटल्यापासून खोचरीच्या वेशीपर्यंत त्यांची तोंडं एक क्षण बंद राहिली नाहीत. शेवटी चालवणारा काकुळतीला आला.

महिन्याभरानं पुण्याहून पेटी आली. नव्या खेपेच्या टिकल्या, कागदी पट्ट्या, आणि रोज भरायचा नवा अर्ज. पहिले सहा प्रश्न जुनेच होते: किती वाजता, काय, किती. सातवा डॉक्टर कांबळ्यांनी नवीन घातला होता, आणि देशभरातल्या दोनशे खेळाडूंना तो आता रोज विचारला जाणार होता.

आजची खुराक कोणाबरोबर घेतली?

ओवी हौद्याच्या कट्ट्यावर बसली होती, अंगभर लाल माती. शेजारून तांब्या तिच्या हातात आला, दोन घोटांनी हलका झालेला. तिनं तो मांडीवर ठेवला आणि आधी लिहून टाकलं: अल्फिया जमादार. पहिला घोट तिचा.